समर सेलची वही: जुना लॅपटॉप, चार हजारांचं बजेट आणि घरातले तीन खेळाडू

८ जून २०२५, रविवार

स्टीम या कॉम्प्युटरवरचे खेळ विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा उन्हाळी सेल यंदा २६ जून ते १० जुलै. तारखा ते चालवणारी व्हॉल्व्ह कंपनी खूप आधी जाहीर करते, त्यामुळे तयारीला वेळ आहे. उन्हाळी म्हणायचं ते तिकडच्या हिशोबानं. इथे कराडात मे संपायच्या आत पाऊस लागला आणि घरातल्या छत्र्या अजून वाळलेल्या नाहीत.

काम असं: वापरलेल्या लॅपटॉपवर चालतील, खरंच खेळले जातील आणि खिशाला झेपतील असे खेळ घ्यायचे. खेळणारे तीन जण. मुलगी आठवीत, मुलगा पाचवीत आणि तिसरे बाबा, एसटीतून चालक म्हणून निवृत्त. बाबांनी यूट्यूबवर ट्रक चालवायच्या खेळाचे व्हिडिओ पाहिलेत आणि "हे आपल्या मशीनवर होईल का रे?" असं दोनदा विचारून झालंय.

मशीन म्हणजे रिफर्बिश्ड थिंकपॅड टी४८०. आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २५६ जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक कार्ड नाही, इंटेलचं यूएचडी ६२० आहे तेवढंच. असाच एखादा जुना ऑफिसचा कॉम्प्युटर कुणी काढून बसणार असेल तर आधी त्यातलं विंडोज बघा. विंडोज ७ आणि ८ वर १ जानेवारी २०२४ पासून स्टीमचा सपोर्ट बंद झालाय. खेळ कितीही जुना असला तरी दुकानच उघडलं नाही तर उपयोग काय?

बजेट: माझ्याकडून १,५०० रुपये. बाकीचं जर्मनीतल्या स्टुटगार्टचा मेहुणा देणार आहे. भाच्यांना वाढदिवसाचं एकदमच देतो म्हणाला.

विशलिस्टमध्ये आत्ता चाळीसच्या आसपास खेळ आहेत. निम्मे मुलांनी व्हिडिओ बघून टाकलेत, उरलेले मी कधीतरी रात्री जागून टाकलेले. सेल लागेपर्यंत ही यादी दहाच्या खाली आणायची. या पंधरवड्याचं खरं काम हेच, पैसे भरणं त्यामानानं किरकोळ.

१४ जून

यादीला पहिली कात्री मशीनची. प्रत्येक खेळाच्या पानावर खाली किमान गरजा लिहिलेल्या असतात, त्या वाचत बसलो. बाल्डर्स गेट ३ ला १५० जीबी जागा लागते. आमच्या एसएसडीत विंडोज आणि मुलीच्या शाळेच्या फायली धरून शंभरच्या आतच मोकळी आहे. कटाप. इट टेक्स टू मुलांनी सगळ्यात वर ठेवला होता, दोघांनी मिळून खेळायचा म्हणून. त्याला वेगळं ग्राफिक कार्ड लागतं. एखाद्या खेळाला स्टीमशिवाय दुसऱ्या कंपनीचं खातंही लागणार असेल तर पानाच्या उजव्या बाजूला तशी पट्टी असते. सेलच्या गडबडीत ती कुणी वाचत नाही.

राजी कापताना मात्र जीवावर आलं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा खेळ, २०२० साली आलेला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला तो फसला, तरी त्यांनी खेळ पुरा केला. राजस्थानी महालांच्या गच्च्यांवरून उड्या मारत फिरणारी मुलगी, हातात त्रिशूळ. लेकीला तो हवाच होता. पण खेळ अनरिअल इंजिन नावाच्या जड सॉफ्टवेअरवर बनलेला आहे, आणि यूएचडी ६२० वर तो धापा टाकत चालवण्यात मजा नाही. पुढेमागे चांगलं मशीन आलं की पूर्ण किमतीला घेईन, असं तिला कबूल केलंय.

आता मशीनबद्दल एक गोष्ट, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. लॅपटॉपचं मागचं झाकण उघडून पाहिलं तर ८ जीबीची एकच पट्टी आणि शेजारचा खाचा रिकामा. इंटेलच्या या ग्राफिक चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधलीच वापरते. एका पट्टीऐवजी दोन असल्या की रॅमकडे जायचा रस्ता दुपदरी होतो आणि त्याचा थेट फायदा ग्राफिक्सला मिळतो. बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानातून वापरलेली ८ जीबी डीडीआर४ ची पट्टी आणली, १,१५० रुपये. आधीपासून घेतलेला स्टारड्यू व्हॅली दोन्हीकडे सारखाच पळाला, तो हलकाच आहे. पण मोफतच्या दोन-तीन त्रिमितीय खेळांत फरक उघड दिसला. आधी कॅमेरा फिरवला की चित्र अडखळायचं, ते थांबलं.

म्हणजे सेल लागायच्या आधीच बजेटपैकी १,१५० गेले, तेही खेळावर नाही. बायकोनं वहीत डोकावून पाहिलं आणि काही न बोलता चहा ठेवून गेली.

१९ जून

आज खात्यांची कामं. यात वेळ जातो आणि काही गोष्टींना मुदतीची अट असते, म्हणून हे सेलच्या आठवड्यावर टाकू नका.

पहिलं, स्टीम फॅमिलीज. सप्टेंबर २०२४ मध्ये ही सोय सगळ्यांसाठी खुली झाली. एका घरातली जास्तीत जास्त सहा माणसं आपापल्या खात्यातले खेळ एकमेकांना वापरू देतात. मी घेतलेला खेळ मुलगी तिच्या खात्यातून खेळते, तिचं सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला ती नोंद, वेगळं राहतं. दोन मशीन असतील तर दोघं दोन वेगळे खेळ एकाच वेळी खेळू शकतात. तोच खेळ दोघांना एका वेळी हवा असेल तर मात्र दोन प्रती लागतात. मुलांची खाती 'मूल' म्हणून जोडली, त्यामुळे कोणते खेळ दिसावेत आणि किती वेळ चालावेत ते मला ठरवता येतं. मुलांना हवा असलेला खेळ ते कार्टमध्ये टाकून माझ्याकडे मंजुरीला पाठवू शकतात. दहा मिनिटांत लेकाकडून तीन अर्ज आले. तिन्ही नामंजूर.

गटात कुणाला घ्यायचं ते विचार करून ठरवा. बाहेर पडलेल्या माणसाला आधीच्या गटात आल्यापासून वर्ष होईपर्यंत दुसऱ्या गटात जाता येत नाही. सगळे एकाच देशातले आणि एकाच घरातले असावेत अशी अट आहे, त्यामुळे मेहुण्याला यात घेता येणार नव्हतंच.

मेहुण्याचं वेगळंच चाललं होतं. "तिकडे रुपयात स्वस्त मिळतं ना, मग माझा खेळ तूच घे आणि मला गिफ्ट कर. मी पैसे पाठवतो." नाही जमत. २०१७ पासून गिफ्ट थेट मित्राच्या खात्यात जातं आणि दोन देशांतल्या किमतीत मोठी तफावत असेल तर पाठवताच येत नाही. ही पळवाट बुजवून आता आठ वर्षं झाली, पण परदेशातल्या प्रत्येक नातेवाइकाला ती दरवर्षी नव्यानं सुचते.

त्याच्याकडून इकडे पैसे यायचा सरळ रस्ता म्हणजे डिजिटल गिफ्ट कार्ड. ते समोरच्याच्या चलनात बदलून त्याच्या स्टीमवरच्या वॉलेटमध्ये जमा होतं. अट एवढीच की दोघं निदान तीन दिवस स्टीमवर मित्र असले पाहिजेत. आज त्याला यादीत घेतलं. त्याला कार्ड भाचीच्या नावानं पाठवायचं होतं, पण वॉलेट घरात वाटून वापरता येत नाही. तिच्या खात्यात पैसे गेले तर ते तिथेच राहतील, म्हणून माझ्या खात्यावर पाठवायला सांगितलं. शिवाय नव्या खात्यातून पाच डॉलर इतकी खरेदी होईपर्यंत ते खातं मर्यादित असतं, त्यावरून मैत्रीची विनंतीसुद्धा पाठवता येत नाही. मुलांची खाती सध्या तशीच आहेत आणि माझं म्हणणं, तशीच बरी.

२३ जून

किमतीचा इतिहास तपासायची संध्याकाळ. स्टीमडीबी नावाच्या साइटवर प्रत्येक खेळाचा किमतीचा आलेख असतो. चलन रुपये निवडायचं आणि आजवरची सगळ्यात कमी किंमत वहीत लिहून घ्यायची. सेलमधली किंमत त्याच्या आसपास आली तर घ्यायचं. टक्क्यांकडे बघायचंच नाही.

टक्क्यांत गफलत कशी होते ते माझ्याच यादीत सापडलं. एका कोड्यांच्या खेळावर गेल्या सेलला ७५ टक्के सवलत होती आणि चार वर्षांपूर्वी ६६ टक्के. तरी जुनी किंमत कमी! कारण मधल्या काळात मूळ किंमतच चढली. ऑक्टोबर २०२२ मध्ये व्हॉल्व्हनं देशोदेशींच्या चलनांसाठी सुचवलेल्या किमती बदलल्या, त्यानंतर बऱ्याच खेळांचे रुपयातले भाव वर गेले. सेलच्या तोंडावर भाव वाढवून मग सूट दाखवायची, हा आपल्याकडच्या कपड्यांच्या सेलचा प्रकार मात्र इथे चालत नाही. किंमत वाढवल्यानंतर तीस दिवस सवलत देता येत नाही.

फॅक्टोरिओ हा कारखाने उभारायचा खेळ यादीतून काढला. खेळ वाईट आहे म्हणून नाही, उलट आमच्या मशीनला अगदी योग्य आहे. पण तो बनवणारे लोक सवलत देतच नाहीत, हे त्यांचं जाहीर धोरण आहे. जानेवारी २०२३ मध्ये तर महागाईचं कारण देऊन त्यांनी किंमत ३० डॉलरवरून ३५ केली. सेलची वाट बघत बसलेल्या माणसाचा त्यात तोटाच झाला. डेमो फुकट आहे, तो लेकाला लावून दिला. सध्या त्याचे पट्टे आणि लोखंडाच्या भट्ट्या चालू आहेत.

बाहेरच्या दुकानांचे भाव इझ देअर एनी डील या साइटवर पाहिले. तिथे फक्त अधिकृत विक्रेते घेतात, म्हणून ती यादी विश्वासाची. दोन खेळ बाहेर स्वस्त दिसले, पण डॉलरमध्ये. बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी धरला की रुपयातलाच भाव बरा पडतो. जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाचं प्रकरण जरा वेगळं. तिथे विकत घेतलेल्या खेळाची इन्स्टॉलर फाइल आपल्याकडे ठेवता येते आणि नेटशिवाय चालते. स्टीमवर ऑक्टोबर २०२४ पासून पैसे भरायच्या पानावरच लिहिलेलं असतं की तुम्ही परवाना घेताय. ज्याला खेळ कायमचा स्वतःच्या डिस्कवर हवा आहे त्यानं जीओजी बघावं. त्यासाठी आधी कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नव्या कार्डांवर ते आपण सांगितल्याशिवाय चालू नसतात.

एपिक हे आणखी एक दुकान २०१८ च्या डिसेंबरपासून खेळ फुकट देत आलंय, हल्ली दर गुरुवारी. यादीतला एक खेळ मला तिथल्या माझ्या खात्यात आधीच सापडला, कधी घेतला ते आठवत नाही. घ्यायच्या आधी स्वतःची सगळी खाती एकदा चाळा.

यादी आता नऊवर.

२६ जून, रात्र

सेल आपल्याकडे रात्री साडेदहाला लागतो, कारण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. त्या घटकेला जागं राहायची काहीही गरज नाही. पूर्वी काही तासांपुरती खास सवलत असायची, तेव्हा लोक गजर लावून उठायचे. २०१५ च्या अखेरीपासून तो प्रकार बंद आहे. पहिल्या रात्री जी किंमत, तीच शेवटच्या रात्रीपर्यंत.

हे सगळं माहीत असून मी साडेदहाला बसलोच.

कार्टमध्ये चार खेळ गेले. बाबांसाठी युरो ट्रक सिम्युलेटर २. मुलांना मिळून पोर्टल २, कारण त्यात दोघांचा वेगळा खेळ आहे आणि स्क्रीन दुभागून एकाच मशीनवर खेळता येतो. लेकीसाठी सेलेस्ट, डोंगर चढायचा खेळ. तो भयंकर अवघड आहे, पण त्यात मदतीची सोय आहे; वेग कमी करता येतो, हवेत जास्त झेपा घेता येतात. चौथा वर म्हटलेला कोड्यांचा. चारही वहीतल्या तळच्या किमतीला किंवा तिथून जरा वर. एकूण ९६० रुपये.

यूपीआयनं पैसे भरले. बँकेचा मेसेज आला, पैसे गेले. दुकानाच्या पानावर मात्र व्यवहार प्रलंबित. अर्धा तास तसाच.

२८ जून

प्रलंबित व्यवहार काल संध्याकाळी रद्द झाला. खेळ नाहीत, पैसेही खात्यात नाहीत. अशा वेळी काय करायचं ते नीट लिहून ठेवतो, कारण सेलच्या पहिल्या रात्री हे कुणाचंही होऊ शकतं.

एक: पुन्हा लगेच पैसे भरू नका. तोच खेळ प्रलंबित असताना दुकान तो परत विकतही नाही, आणि दुसऱ्या खात्यातून घ्यायला गेलात तर गुंता वाढतो. दोन: यूपीआय ॲपमधला व्यवहाराचा संदर्भ क्रमांक जपून ठेवा. तीन: दुकानदाराला केलेला यूपीआय व्यवहार फसला, खात्यातून पैसे गेले आणि समोर पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ते व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई. ही ओळ माहीत असली की बँकेत फोन करताना आवाज जरा ठाम निघतो.

किंमत १० जुलैपर्यंत बदलणार नाही, त्यामुळे घाई नव्हतीच. मुलांना हे पटवणं जड गेलं.

दुपारी मेहुण्याचं २५ युरोचं कार्ड आलं. वॉलेटमध्ये २,४८० रुपये दिसले. त्यातून तीच कार्ट घेतली. उरले १,५२०.

२९ जून

बाबांचा दिवस. मुलं खालच्या चौकात गेल्यावर लॅपटॉप त्यांच्या ताब्यात दिला.

युरो ट्रक २०१२ चा खेळ, चेक कंपनीचा, म्हणून जुन्या मशीनवर सांभाळून घेतो. आमच्याकडे रिझोल्यूशन ७२० पीवर आणलं, सावल्या बंद केल्या, आरसे मध्यम ठेवले. आरसे बंद केले तर खेळ आणखी हलका होतो, पण बाबा म्हणाले, "आरशाशिवाय गाडी कोण चालवतं?" मुद्दा बरोबर होता.

सुरुवातीचं शहर विचारतात तिथे जर्मनीतलं कुठलंही निवडू नका, निदान आपल्याकडच्या जुन्या चालकासाठी तरी. युरोपात उजवीकडून चालवायचं. चाळीस वर्षं डावीकडून एसटी चालवलेला माणूस पहिल्याच चौकात समोरच्या ट्रकला भिडतो, आणि तसंच झालं. मग नवीन प्रोफाइल काढून ब्रिटन निवडलं. मूळ खेळाच्या नकाशात ब्रिटन आहे आणि तिथे आपल्यासारखंच डावीकडून. बर्मिंगहॅमहून निघाले आणि बाबा गप्प झाले, म्हणजे रमले.

कीबोर्डच्या बाणांवर स्टिअरिंग म्हणजे झटके. माऊसनं वळवायची सोय आहे ती लावली, ती जरा बरी. शेवटी वायरचा साधा कंट्रोलर मागवला, ९५० रुपये. तो पोर्टल २ मध्ये दुसऱ्या खेळाडूला लागणारच होता, असं मनाला समजावलं. गिअर आपोआप पडतात हे बाबांना अजिबात आवडलं नाही. सेटिंगमध्ये हाताने बदलायचा पर्याय आहे तो चालू केला. माल पोचवल्यावर ट्रेलर मागे घेऊन लावायचा की सोडून द्यायचा, असं खेळ विचारतो. अवघड जागा निवडली तर गुण जास्त. बाबांनी एकदाही सोडून दिलं नाही. एकदा तर जेवायला हाक मारली तरी गोदामाच्या दारात ट्रेलर तिरका ठेवून उठेनात.

आता खर्चाचा मुद्दा. मूळ खेळ स्वस्त आणि त्याच्यापुढे नकाशांची रांग: पूर्व युरोप, स्कँडिनेव्हिया, फ्रान्स, इटली, एकेक वेगळा विकत. वर रंगांचे आणि झेंड्यांचे संच. सगळं घालून जो मोठा पॅक बनतो तो सेलमध्येही आमच्या पूर्ण बजेटला जड. या प्रकारच्या खेळांत मूळ खेळावरची घसघशीत सवलत ही आत बोलवायची पाटी असते, कमाई पुढच्या भागांवर. मूळ नकाशातच ब्रिटन, जर्मनी, ऑस्ट्रिया, पोलंड, नेदरलँड्स सगळं आहे. महिनाभर तो संपतो का पाहू.

३० जून

बँकेचे ९६० परत आले. मुदतीच्या आत.

३ जुलै

रिफंडचा हिशोब, एक जमला आणि एक गेला.

नियम जून २०१५ पासून आहे: घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि खेळलेला वेळ दोन तासांच्या आत असेल तर कारण काहीही सांगा, पैसे परत. सेलमधल्या खरेदीलाही तोच नियम. मशीन जुनं असेल तर ही फुकटची चाचणी समजा, आणि त्यासाठीच खेळ घेतल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लावून बघा. घेऊन ठेवला आणि दिवाळीच्या सुट्टीत उघडला तर चौदा दिवस केव्हाच गेलेले असतात.

लेकासाठी गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ घेतला होता, ३४० रुपयांचा. किमान गरजांत आमची चिप नावानिशी होती, तरी पाऊस पडणाऱ्या ट्रॅकवर चित्र गोठायचं. वीस मिनिटांत बंद करून रिफंड मागितला, पैसे वॉलेटमध्ये घेतले. वॉलेटमध्ये घेतले की पुढच्या खरेदीला सरळ वापरता येतात.

दुसरा खेळ लेकीचा, गुन्ह्याचा तपास लावायचा, २७० रुपये. पहिला अर्धा तास छान, मग सगळं संभाषणच संभाषण, बारीक इंग्रजी अक्षरांत. कंटाळून ती जेवायला उठली, मग मैत्रिणीचा फोन आला, आणि खेळ मेनूवर तसाच उघडा. घड्याळ मेनूवरही चालतं. खेळाची खिडकी उघडी आहे तोवर वेळ मोजला जातो, तुम्ही खेळा अगर न खेळा. मी पाहिलं तेव्हा दोन तास उलटून गेले होते. २७० गेले. आता घरात नियम: नवीन खेळ पहिल्या दिवशी उठताना बंद करूनच उठायचं.

वॉलेटमध्ये शिल्लक १,२५०.

६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी खाऊन बंडलांचा अभ्यास. हे प्रकरण समजून घ्यायला मला पूर्वीच्या दोन सेलमध्येही जमलं नव्हतं.

एकत्र विकल्या जाणाऱ्या खेळांचे दोन प्रकार असतात आणि पानावर ते जवळपास सारखेच दिसतात. एक बंडल. यात तुमच्याकडे आधीच असलेले खेळ वगळून उरलेल्यांचेच पैसे लागतात, आणि बंडलची जादा सवलत सेलच्या सवलतीवर आणखी मिळते. दुसरा पॅकेज. त्याची किंमत ठरलेली, तुमच्याकडे त्यातले चार खेळ आधीच असले तरी किंमत तीच, आणि ते जास्तीचे चार कुणाला देताही येत नाहीत. ओळखायची खूण: बंडलच्या चौकटीत तुमच्यासाठीची किंमत वेगळी मांडलेली असते आणि 'तुमचा संच पूर्ण करा' अशा अर्थाची ओळ असते.

याचा उपयोग असा झाला. मुलांना चित्रांतून गोष्ट उलगडणारे तीन छोटे खेळ हवे होते, तिघांचं एक बंडल होतं. पहिला भाग माझ्या खात्यात जुना पडलेला. उरलेले दोन सुटे घेतले असते तर ५०० च्या वर, बंडलमधून ४१० ला आले. दोन्ही खेळ आमच्या मशीनवर लोण्यासारखे चालतात का तेवढं पाहून घेतलं. चालले. शिल्लक ८४०.

पोर्टल २ चा दोघांचा खेळ दुपारभर चालला. भांडण एकदाच झालं, ते कंट्रोलर कुणाकडे यावरून. लेक जिंकली आणि भाऊ माऊसवर बसून तिच्यापेक्षा चांगला खेळला.

९ जुलै

उद्या रात्री साडेदहाला सेल संपेल. वॉलेटमध्ये ८४० आहेत आणि ते संपवायची खाज सुटली आहे.

शेजारच्या मुलानं एक साइट दाखवली, तिथे स्टीमच्या कोडची किंमत सेलपेक्षाही निम्मी. कोड कुणी विकतोय, कुठून आला, काही पत्ता नाही. असे कोड चोरीच्या कार्डावर घेतलेले निघाले तर नंतर रद्द होतात आणि खेळ खात्यातून जातो. तिथे रिफंडचा वर सांगितलेला नियमही लागू होत नाही, कारण तुम्ही दुकानातून घेतलेलंच नसतं. त्याला अधिकृत विक्रेत्यांची यादी काढून दिली. तो ऐकेल असं वाटत नाही.

यादीतले उरलेले खेळ पुन्हा बघितले. एक तळच्या किमतीपेक्षा बराच वर आहे. दुसऱ्याचे सध्याचे रिव्ह्यू वाचले, शेवटच्या तीस दिवसांतले, तर नव्या अपडेटनंतर लोक वैतागलेत. एकूण रिव्ह्यू चांगले आणि ताजे वाईट, असं दिसलं की थांबायचं. तिसरा मलाच हवाय, मुलांना नकोय, आणि मला वेळ कुठे आहे?

काही घेतलं नाही. वॉलेटमधले पैसे पुढच्या सेललाही तसेच राहतात.

२० जुलै

हिशोब मांडून ठेवतो, बायकोनं मागितलाय.

खेळांवर एकूण १,६४० रुपये. त्यातले २७० वाया. बाकी सहा खेळ मुलं किंवा बाबा खरोखर खेळतात, अपवाद कोड्यांचा. तो कुणी उघडलेलाच नाही, आणि गंमत म्हणजे किमतीच्या आलेखावर मी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यावरच घालवला होता. हा पैसा सगळा मेहुण्याच्या कार्डातून गेला. माझ्या खिशातून रॅम १,१५० आणि कंट्रोलर ९५०, मिळून २,१००. ठरवले होते १,५००, म्हणजे सहाशे जास्त. खेळांपेक्षा सामानावर खर्च जास्त झाला, पण पुन्हा करायचं झालं तर रॅमची पट्टी आधी आणि खेळ नंतर, यात मी काही बदलणार नाही.

एसएसडीत अजून तीस जीबी शिल्लक आहे. पुढचा सेल २९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर, एकच आठवडा. तोवर वॉलेटमधल्या ८४० ला हात लावायचा नाही. बाबांनी कालच कॅले बंदर गाठलं, फ्रान्सच्या बाजूला उतरले आणि दहा मिनिटांत परत डोव्हरच्या बोटीत बसले. "तिकडची माणसं उलटी चालवतात," म्हणाले. स्कँडिनेव्हियाचा नकाशा विशलिस्टमधून काढून टाकला.